खिडकीवरचे विळे

त्या वर्षी गवत एकदम पिकलं. एरवी टेकडीवरचं आधी, मग उतारावरचं, मग ओढ्याकाठचं, असं सवडीनं पिकतं आणि माणसाला दम खायला वेळ मिळतो. या वेळी गरम वारं सुटलं आणि बघता बघता सगळं कुरण एका रंगाचं झालं. आणखी थोडे दिवस उभं राहिलं असतं तर त्याच्या नुसत्या काड्या झाल्या असत्या आणि गुरांनी तोंड फिरवलं असतं. त्यामुळे घरोघर घाई उडाली आणि घरोघर धारदार विळ्याची गरज पडली.

मिस्त्रीच्या घराच्या मागच्या खिडकीवर त्या दिवसांत विळे ठेवायला जागा उरली नाही.

ही खिडकी म्हणजे गावातलं उघडं गुपित होतं. मिस्त्री पूर्वी लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर असायचा. एकदा रचलेला ओंडका घरंगळला आणि त्याच्या कमरेवरून गेला. खुबा मोडला, डॉक्टरांनी जोडला, पण डावा पाय नावापुरता राहिला. कुबडी घेऊन अंगणापर्यंत जायचं आणि घामाघूम होऊन परत यायचं, एवढंच त्याचं चालणं. तेव्हापासून त्याला सरकारी भत्ता होता. भत्ता घेणाऱ्यानं काम करायचं नसतं, केलं तर भत्ता बंद होतो, हे गावात लहानथोर सगळ्यांना ठाम ठाऊक होतं. कुणी सांगितलं हे मात्र कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून खिडकी. मिस्त्रीची खाट मागच्या खोलीत खिडकीला लागून होती. विळा फडक्यात गुंडाळून आणायचा, कठड्यावर ठेवायचा, दोनदा टकटक करायची आणि चालू लागायचं. धार झाली की तिथूनच उचलायचा. प्रत्येक घराची मुठीला बांधायची चिंधी ठरलेली होती, म्हणजे अदलाबदल नको. आणि सगळ्यात कडक नियम असा, की खिडकीतून बोलायचं नाही. बोललं की कुणीतरी ऐकणार. मिस्त्री आतून हात बाहेर काढायचा, विळा घ्यायचा, आणि गादीखालची कानस काढून खाटेवर बसल्या बसल्या धार लावायचा. मोबदला म्हणून कुणी दोन अंडी ठेवी, कुणी भोपळा. शेजारचा दूधवाला दुधाच्या नावानं ताक ठेवायचा, तेही आठवण आली तर. चोरून केलेल्या कामाची मजुरी मागणार कुणाकडे? मिस्त्रीणबाई सकाळी चादर झटकायची तेव्हा लोखंडाचा कीस तिच्या तळहाताला टोचायचा, आणि तिच्या मनात यायचं, गावाची गुरं जगतात ती माझ्या नवऱ्याच्या अंथरुणावर. पण ती बोलायची नाही.

अशा ऐन घाईत भत्त्याच्या कचेरीतून फोन आला. एक बाई येणार आहेत. भत्त्यावर असलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावणं हे त्यांचं काम. काही दिवस येत जातील, घर बघतील, बोलतील.

फोन मिस्त्रीणबाईनं घेतला होता.

"कामाला लावणं म्हणजे काय हो?" तिनं फोन ठेवून नवऱ्याला विचारलं.

"म्हणजे भत्ता काढून घेणं," मिस्त्री म्हणाला. "जरा गोड करून सांगतात."

"मग आता?"

"आता काय? मी झोपून राहतो. तेवढं तर मला येतं."

त्याची आई दारात बसून शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "चार माणसांत उठून दिसणारा माझा लेक. त्याला झोपून राहायची परीक्षा द्यायला लावताय होय रे?"

मिस्त्रीणबाईनं खोली झाडून काढली. कानस, धारेचा दगड, तेलाची बाटली, सगळं धान्याच्या कोठीमागे गेलं; गावाचे विळे आता फक्त रात्री, दिवा लहान करून व्हायचे. गादी तर लोखंडाचा कणही उरू नये इतकी झटकली. तरी तिचं समाधान होईना. बाई घरात शिरणार, विळ्याला बोट लावणार आणि विचारणार, एवढी धार कुणी लावली? मग तिनं असं काही केलं जे तिच्या जागी असलेल्या बाईलाच सुचेल. घरातला विळा घेतला, परसातल्या दगडी पायरीवर बसली आणि त्याची धार घासून घासून मारून टाकली. स्वयंपाकघरातली सुरीही सोडली नाही. विळ्याचा तो किंचाळल्यासारखा आवाज ऐकताना तिला स्वतःचीच चीड आली होती, पण हात थांबला नाही.

*

बाई आली ती पायी, गावाबाहेरच्या थांब्यापासून चालत. अंगानं भरलेली, चेहरा उन्हानं लाल, पाठीवर पिशवी आणि हातात घडीचं स्टूल. मिस्त्रीणबाईनं मनात रंगवलेली बाई अशी नव्हती. तिनं पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि पुन्हा मागितलं.

"खुर्ची देते की," मिस्त्रीणबाई म्हणाली.

"नको, माझं स्टूल आहे. लोकांच्या घरी खुर्ची मागितली की त्यांना शेजाऱ्यांकडून आणावी लागते, असं एकदा झालं. तेव्हापासून कानाला खडा."

आणि मग तिनं विचारायला सुरुवात केली. तिचे प्रश्न फार विचित्र होते. भत्ता किती, कागद कुठे, यातलं काही नाही. सकाळी जाग आल्यावर आधी कोणती बाजू दुखते? उशी दोन पायांत ठेवता का? वखारीत करवत सुरू व्हायच्या आधी वास कसला यायचा? मिस्त्री ठरल्याप्रमाणे छताकडे बघत कण्हत पडला होता, पण वासाच्या प्रश्नावर त्याची मान वळली.

"ओल्या लाकडाचा वेगळा आणि सुक्याचा वेगळा," तो म्हणाला. मग बायकोकडे बघून पुन्हा कण्हला.

आई भाजी चिरायला बसली होती. सुरी भाजीवरून घसरत होती. तिनं सुरी उलटी करून पाहिली, अंगठा फिरवला, सुनेकडे पाहिलं. सुनेनं डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. म्हातारीनं मिठाची गुळणी धरली, पण पातेलं मात्र जोरात आपटलं.

"आजी, भाजी फार कडक आहे का?" बाईनं विचारलं.

"भाजी नाही कडक," म्हातारी म्हणाली, "घरातली माणसं कडक आहेत."

दुसऱ्या दिवशी बाई सकाळीच हजर. मिस्त्रीणबाई गवताला निघाली होती. कुरणातला एक पट्टा तिचा होता, त्यावर घरची एक म्हैस आणि तिचं रेडकू जगत होतं.

"मी येऊ का?" बाईनं विचारलं. "मला कापता येत नाही, पण शिकायची हौस आहे."

नको म्हणायला तोंड कुठे होतं?

कुरणात ओळीनं लोक वाकले होते. दोन्ही बाजूंनी सरसर आवाज येत होता आणि गवत मुठीमुठीनं आडवं पडत होतं. मिस्त्रीणबाईच्या पट्ट्यात मात्र आवाज वेगळा होता. विळा गवत कापत नव्हता, ओरबाडत होता. दहा काड्या तुटायच्या, दहा मुळासकट यायच्या, माती तोंडावर उडायची. थोड्याच वेळात तिच्या तळव्याला फोड आले आणि कंबर भरून आली. शेजारच्या पट्ट्यातली दूधवाल्याची बायको तिच्या किती तरी पुढे निघून गेली होती.

बाईनं पुढे जाऊन दूधवाल्याच्या बायकोचा विळा मागून घेतला आणि एक मूठ कापली. गवत असं सुटलं की ती तोल जाऊन मागे बसली. तिला हसू फुटलं.

"अहो, हा तर नुसता टेकवला की कापतोय! धार कुणी लावली?"

दूधवाल्याची बायको गोंधळली. "ती... आमच्या ह्यांनी."

बाई पुढच्या पट्ट्यात गेली. तिथला विळाही तसाच. "धार? बाजारातून आणला तेव्हापासून आहे," तिथला माणूस म्हणाला. त्यापुढची म्हातारी म्हणाली, तिचा विळा माहेरचा आहे आणि माहेरच्या लोखंडाला धार लावावीच लागत नाही. एकानं सांगितलं, एक फिरता माणूस येतो. कधी येतो? आला की येतो. कुणी ताकास तूर लागू देत नव्हतं, पण प्रत्येकाची थाप वेगळी होती, आणि एकमेकांच्या थापा ऐकून लोक एकमेकांकडे रागानं बघत होते. बाई मात्र मजेत होती. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, कोड्यात रमलेल्या माणसाचं कुतूहल होतं.

ती परत आली. मिस्त्रीणबाईच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "वहिनी, अख्ख्या गावात एकच विळा बोथट आहे आणि तो तुमचा. असं कसं?"

मिस्त्रीणबाईनं उत्तर द्यायला मान वर केली, हात मात्र चालूच राहिला. धार नसलेला विळा गवतावरून सटकला आणि थेट डाव्या पोटरीवर आला. बोथट होता म्हणून कापलं कमी आणि फाटलं जास्त. रक्त चपलेत उतरलं. बाईनं गळ्यातला रुमाल काढून घट्ट बांधला, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी घराकडे निघाल्या. वाटेत बाईनं एकही प्रश्न विचारला नाही. त्याचीच मिस्त्रीणबाईला जास्त भीती वाटली.

*

मिस्त्री खाटेवर आडवा होता. लंगडत येणारी बायको आणि रुमालावरचं रक्त पाहिलं तसा तो कण्हायचं विसरून उठून बसला.

"काय झालं?"

"काही नाही हो. लागलं जरा."

"विळा दे."

"राहू दे आता."

"दे म्हणतो ना!"

त्यानं विळा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि पात्यावर नखाची कड फिरवली. त्याचा चेहरा बदलत गेला. या विळ्याला त्यानं स्वतः आठवड्यापूर्वी धार लावली होती.

"हा दगडावर घासलाय," तो म्हणाला. "मुद्दाम घासलाय. कुणी?"

मिस्त्रीणबाई खाली बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखण्याचं नव्हे. मिस्त्रीला कळायला फार वेळ लागला नाही. त्याला राग आला, आणि रागाच्याही खाली फार वाईट वाटलं. आपलं हे घर चालावं म्हणून बायकोनं बोथट विळ्यानं गवत ओरबाडावं, स्वतःची पोटरी फाडून घ्यावी, आणि आपण इथे छताकडे बघत कण्हायचं.

"आई," तो म्हणाला, "कोठीमागची कानस आण."

"अहो!" मिस्त्रीणबाईनं त्याचा हात धरला.

म्हातारी मात्र वाटच बघत होती. तिनं कानस आणली, दगड आणला, तेल आणलं, न मागितलेली सुरीही आणली आणि सगळं लेकाच्या पुढ्यात मांडलं. मिस्त्रीनं उजवा पाय खाली सोडला, डाव्या खुब्याखाली उशी कोंबली आणि विळा गुडघ्यावर टेकवला. कानस चालू लागली. लांब, सारखे, न चुकणारे हात. खोलीत दुसरा आवाज नव्हता. मिस्त्रीणबाई भिंतीला टेकून खाली बसली. संपलं, तिला वाटलं. आपल्याच हातानं संपलं.

बाईनं स्टूल उघडलं, खाटेजवळ ओढलं आणि हनुवटीला हात लावून बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "हे असं किती वेळ बसून करता येतं?"

"दुखायला लागेपर्यंत," मिस्त्री तिच्याकडे न बघता म्हणाला. "मग आडवं व्हायचं. उतरलं की पुन्हा."

"आणि दगडावर पाणी मारायला वाकावं लागतं तेव्हा?"

"तेव्हा जीव जातो."

"हं." तिनं मान हलवली. "म्हणजे पाणी वरून यायला पाहिजे."

मिस्त्रीची कानस थांबली. त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही भत्ता बंद करायला आला नाहीत?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, "दूधवाल्यानं." त्याला कुणी सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. बाईनं गावात नंतर खोदून खोदून विचारलं, तेव्हा दूधवाल्यानं वखारवाल्याचं नाव सांगितलं, वखारवाल्यानं कुणा पाहुण्याचं, आणि पाहुणा कधीचा दुसरीकडे राहायला गेला होता. कचेरीत येऊन मात्र कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं तर संशय येईल, ही भीती.

"आमच्याकडे असं आहे," बाई म्हणाली. "आधी करून बघायचं. ठरावीक मुदत भत्ता पूर्ण चालू. काम जमलं, लोक आले, तर पुढे हळूहळू भत्ता कमी होतो, एकदम नाही. नाही जमलं तर होता तसाच पूर्ण भत्ता. पण काम उघड करायचं. पुढच्या दारात."

"आणि तुमची बदली झाली तर?" मिस्त्रीणबाईनं विचारलं. "पुढच्या बाईंनी काखा वर केल्या तर?"

बाईनं स्टूल तिच्याकडे वळवलं. "माझी बदली होऊ शकते," ती म्हणाली. "ठरलेलं लिहून ठेवता येतं, ते मी ठेवीन. पण कधीच काही होणार नाही असं मी सांगितलं तर ते खोटं होईल."

हे उत्तर मिस्त्रीणबाईला आवडलं नाही, पण ते देणारी बाई तिला पहिल्यांदा थोडी बरी वाटली.

*

मग घरात जो उद्योग सुरू झाला, त्याला दुसरं नाव नाही. म्हातारीचं जुनं शिवणयंत्र कोपऱ्यात धूळ खात होतं. डोळे अधू झाल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता, पण कुणाला लावूही देत नव्हती. मिस्त्रीची नजर त्याच्या पायट्यावर गेली.

"आई, एका पायानं चालेल का गं हे?"

"माझं यंत्र?" म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "एका पायानंच चालवायचे मी. दुसऱ्या पायाशी तू खेळत असायचास."

बाईनं कचेरीतून धारेचं गोल चाक मिळवलं. मिस्त्रीनं ते यंत्राच्या जागी बसवलं आणि वर डबा टांगला, तळाशी बारीक भोक, म्हणजे पाणी आपसूक चाकावर ठिबकणार. राहिला बसायचा प्रश्न. बाईनं विटा रचल्या, त्यावर फळी ठेवली आणि मिस्त्रीला बसवलं. उंच झाली. एक वीट काढली, डावीकडे कळ आली. डावीकडची फळी कापली, आता तो उजवीकडे कलंडला. बाई स्वतः बसून बघे, एक पाय आखडून धरे, पायटा मारे आणि धपकन खाली येई. म्हातारी म्हणाली, "उतरा, तुम्हाला काही येत नाही," आणि ती स्वतः चढून बसली. तिला कुणी उतरवू शकेना.

या सगळ्यात मिस्त्रीला एक वेगळीच गोष्ट जाणवत होती. इतकी वर्षं आपलं शरीर काय करू शकत नाही हेच सगळ्यांनी तपासलं होतं, डॉक्टरांनी, कचेरीनं, त्यानं स्वतःसुद्धा. आता ते काय काय करतं हे बघायची त्याला उत्सुकता लागली होती. दुखत होतं, खोटं कशाला बोला. अर्धा तास बसलं की खुब्यात कुणीतरी खिळा फिरवल्यासारखं व्हायचं. मग आडवं पडणं आलंच. बाई म्हणाली, मग खाटही बाहेर आणू. आडवं पडणं हासुद्धा कामाचाच भाग धरू.

"रस्त्यावर झोपू मी? लोक काय म्हणतील?"

"इतके दिवस लोकांनी आतल्या खोलीत झोपलेला पाहिलाय ना?"

संध्याकाळी दूधवाला आला. पुढून आला नाही, परसातून आला, सवयीप्रमाणे.

"मिस्त्री, ऐकतोय ते खरं का? अरे, कशाला भानगडीत पडतोस? बरं चाललंय सगळं. भत्ता आहे, आम्ही आहोत."

"तुम्ही आहात," मिस्त्री म्हणाला. "विळे घेऊन."

"तसं नव्हे रे. आता पुढे बसलास तर लोकांना संकोच वाटेल. खिडकीचं कसं, कुणाचा कुणाला त्रास नाही."

दूधवाला वाईट माणूस नव्हता. अपघाताच्या दिवशी मिस्त्रीला गाडीत घालून नेणाऱ्यांत तो होता. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीची माणसाला सवय लागते आणि सवयीला तो आपुलकी समजतो. मिस्त्रीणबाई चुलीपाशी ऐकत होती. तिच्याही मनात भीती होती आणि दूधवाला तिचीच भीती बोलून दाखवत होता. तरी त्याच्या तोंडून ती ऐकताना तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

*

ठरलेल्या सकाळी खाट अंगणात आली, चाक ओट्यावर आलं, वरचा डबा भरला. मिस्त्रीनं धुतलेला सदरा घातला. बाई कुंपणापाशी स्टूल टाकून बसली, जरा लांबच, म्हणजे लोकांना बुजायला नको. मिस्त्री फळीवर बसला, उजवा पाय पायट्यावर ठेवला आणि रस्त्याकडे बघू लागला.

लोक जात होते. कुरणाला जायचा रस्ताच तो. कुणी मान डोलावली, कुणी आभाळ पाहिलं, कुणाला नेमकी त्याच वेळी चप्पल नीट करायची होती. कुणी थांबलं नाही. ऊन ओट्यावर चढलं. डब्यातलं पाणी कोरड्या चाकावर थेंब थेंब पडत होतं. मिस्त्रीनं उगाच एकदा पायटा मारून पाहिला. चाक फिरलं आणि थांबलं.

"घाई आहे ना गवताची," बाई म्हणाली. "संध्याकाळी येतील."

मिस्त्रीनं पायट्यावरचा पाय काढला. त्याची मान खाली गेली होती. मिस्त्रीणबाईला ती मान बघवेना. अपघातानंतरसुद्धा तिनं ती अशी पाहिली नव्हती. ती उठून आत गेली, नुसतीच, काही कामाचं निमित्त नसताना, आणि मागच्या खोलीत पाऊल टाकलं तशी जागीच थांबली.

खिडकीचा कठडा विळ्यांनी भरला होता. एकावर एक, फडक्यांत गुंडाळलेले, रोजच्यासारखे. निळी चिंधी, लाल चिंधी, पिवळी, ठिपक्यांची. सकाळपासून सगळे पुढून मान वळवून गेले होते आणि परसातून येऊन विळे ठेवून गेले होते.

ज्या बाईनं नवऱ्याला झाकायला घरातल्या विळ्याची धार मारली होती, तिचं डोकं त्या क्षणी फिरलं. तिनं फडकी सोडून तिथेच टाकली, सगळे विळे मुठींना धरून उचलले आणि पुढच्या दारातून बाहेर आली. कुंपणाला कपडे वाळत घालायची तार होती. तिनं एकेक विळा त्या तारेवर टांगला, मुठी रस्त्याकडे, चिंध्या वाऱ्यावर. कुठली चिंधी कोणत्या घराची हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"अगं, काय करतेस?" मिस्त्री म्हणाला.

"वाळत घालतेय," ती म्हणाली.

बाईनं तोंडावर हात धरला. म्हातारीनं नाही धरला, ती मोठ्यानं हसली.

बातमी कुरणात पोचायला वेळ लागला नाही. पहिला आला दूधवाला. निळी चिंधी त्याची. तो कुंपणापाशी थांबला, तारेकडे पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

"वहिनी, हे काय चारचौघांत..."

"तुमचाच आहे ना? न्या की. धार झालेली नाही अजून."

विळा घेऊन तसाच जावं तर बोथट, आणि गवत उभं. दूधवाल्यानं विळा तारेवरून काढला. मग कुंपणाचं फाटक उघडलं, अंगण ओलांडलं आणि ओट्यापाशी येऊन तो मिस्त्रीच्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो त्यानं हातात दिला होता.

मिस्त्रीनं विळा उन्हात धरला. पातं बोटांनी दाबून पाहिलं.

"हा मेलाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पातं संपलंय याचं. केव्हाच संपलंय. किती धार लावली तरी दोन तासांत जाते, म्हणून तू रोज आणतोस. नवं पातं घाल, आठवडाभर बघायला नको."

दूधवाला त्याच्याकडे बघत राहिला. "मग हे आधी सांगायचं नाही का रे? मी रोज खेपा घालतोय वेड्यासारखा!"

"सांगणार कसं?" मिस्त्री म्हणाला. "खिडकीतून बोलायचं नाही असं ठरलं होतं ना."

दूधवाला खाटेच्या कडेवर बसला. "आजच्यापुरती लाव," तो हळूच म्हणाला. "आणि काय होईल ते सांग. ताकात नाही, रोख."

मिस्त्रीनं पायटा दाबला. चाक फिरू लागलं, वरून पाणी ठिबकू लागलं, आणि पात्यातून बारीक खरखर उठली. तो आवाज रस्त्यावर गेला. लाल चिंधीवाली फाटकात आली, तिच्यामागे आणखी दोघं. मिस्त्रीणबाईनं सतरंजी आणून टाकली. बाईनं आपलं स्टूल एका म्हातारीला दिलं आणि स्वतः मातीत बसली.

तेवढ्यात घराच्या मागून आवाज आला. टकटक. आणि पुन्हा टकटक.

मिस्त्रीचा पाय आपोआप थांबला. अंगणात सगळे आपापल्या विळ्यांकडे बघू लागले. मिस्त्रीणबाई मागच्या खोलीकडे वळली. मिस्त्रीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मान मागे टाकली आणि वखारीत करवतीच्या आवाजावर आवाज चढवायचा तसा, घराच्या आरपार जाईल असा ओरडला,

"पुढून या! मी इकडे बसलोय!"